वाणिज्य-विधीची मराठी : कामठ्यातील एका भागीदारीपत्राच्या निमित्ताने

गेल्या हिवाळ्यात धानाची मळणी आटोपल्यावर, झाडीबोलीतील मापनवाचक शब्दांचे संकलन करण्याच्या हेतूने प्रस्तुत लेखक गोंदिया तालुक्यातील कामठा या गावी काही दिवस राहिला होता. नागपूरजवळच्या कामठीशी या गावाचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही. कामठा हे जुन्या भंडारा जिल्ह्यातील एका जमीनदारीचे ठाणे. १९५० च्या मध्य प्रदेश अधिनियमाने जमीनदारी हक्क संपुष्टात आले, १९५६ मध्ये हा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, व १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात मोडतो. घरात झाडीबोली किंवा पोवारी, बाजारात हिंदी, कागदावर मराठी आणि वरिष्ठ न्यायालयात इंग्रजी, अशा चार थरांतून येथील व्यापाऱ्याचा एकच व्यवहार वाटचाल करीत असतो. प्रस्तुत टिपणाचा विषय तिसरा थर, म्हणजे कागदावरची मराठी, हा आहे.

संकलनाचे काम चालू असता धान व तांदूळ यांचा व्यापार करणारे दोन चुलतभाऊ आपली कागदपत्रे घेऊन आले. परगावच्या एका खरेदीदाराने त्यांचे पैसे अडकवून ठेवले होते व दावा लावावा असा त्यांचा विचार होता. मी विधिज्ञ नव्हे, हे मी त्यांना आरंभीच सांगितले. पण भाषा शिकविणाऱ्याला कागद वाचता येत असलाच पाहिजे, असा त्यांचा सरळ तर्क होता व तो खोडून काढणे मला जमले नाही. त्यांच्याजवळ नोटरीचा शिक्का असलेले भागीदारीपत्र होते, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीचे प्रमाणपत्र होते, दुकानाच्या नोंदणीचा कागद होता, उद्यम नोंदणी होती, आणि व्यावसायिकांसाठी कायद्याची मूलतत्त्वे समजावून देणारे एक मराठी पुस्तक होते. पुस्तकाचे नाव घेण्याचे कारण नाही; त्या जातीची बहुतेक पुस्तके एकाच घडणीची असतात. "नोंदणी तं झाली न् जी सर आमची," थोरला म्हणाला, आणि त्याने तीन प्रमाणपत्रे एकाखाली एक मांडली.

भागीदारी अधिनियम, १९३२ याखालील नोंदणी मात्र त्यांत नव्हती. कलम ६९ चा आशय असा की, ज्या भागीदारी संस्थेची नोंद निबंधकाच्या नोंदवहीत झालेली नाही तिला संविदेतून उद्भवणाऱ्या हक्कासाठी त्रयस्थावर दिवाणी दावा लावता येत नाही. किरकोळ रकमेचे काही दावे वगळता हा निर्बंध कडक आहे. त्रयस्थाला मात्र अशा संस्थेवर दावा लावण्यास काही आडकाठी नाही. अर्थात हे दोघे भाऊ देणे लागत असते तर न्यायालयाचे दार उघडे होते. ते घेणेकरी असल्यामुळेच ते बंद होते. पुस्तकात ही माहिती नव्हती असे नाही. संस्थेची नोंदणी ऐच्छिक आहे हे एका पानावर सांगितले होते, व ते खरेही आहे. आणि काही पानांनंतर कलम ६९ चा अनुवादही दिलेला होता. दोन्ही पाने त्यांनी वाचली होती. पहिले समजले, दुसरे समजले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या घटनेचे परीक्षण वाणिज्यशास्त्राच्या विभागापेक्षा आपल्या विभागात अधिक उपयुक्त ठरेल, कारण येथे ज्ञान अडले ते भाषेपाशी.

विधिभाषेवरील आपल्याकडील टीका बहुधा एकाच सुराची असते. शब्द संस्कृतप्रचुर आहेत, सामान्य माणसाला कळत नाहीत, सबब ते सोपे करावेत, असे ती म्हणते. ही टीका नवी नाही. सतराव्या शतकात शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तेव्हा फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. पण पुढील दीडशे वर्षांची मराठी दप्तरे पाहिली तर फार्सी शब्दांनी आपले ठाणे सोडले नाही, हे उघड दिसते. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनी नागपूर मुक्कामी परिभाषेचे जे प्रचंड काम केले त्याचीही अशीच थट्टा झाली. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. आणि केंद्रीय अधिनियमांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांना प्राधिकृत पाठाचे स्थान देणारा अधिनियम १९७३ चा. या क्रमाने विधीची मराठी घडत आली. तिच्यावर सरसकट दुर्बोधतेचा आरोप करणे सोपे आहे. पण एकेक शब्द हाती घेतला की तो आरोप काही ठिकाणी खरा, काही ठिकाणी खोटा, आणि काही ठिकाणी अगदी उलटा ठरतो.

प्रथम ज्याला लोक अधिक हसतात तो शब्द घेऊ : संविदा. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम २ मध्ये दोन भिन्न कल्पना आहेत. परस्परांनी दिलेली वचने जेथे एकमेकांचे प्रतिफल होतात तेथे करार होतो. आणि जो करार विधितः बजावता येण्याजोगा असतो तोच संविदा होय. कलम १० मध्ये ही पायरी कोणत्या अटींवर चढता येते ते सांगितले आहे : संमती मुक्त हवी, पक्ष सक्षम हवेत, प्रतिफल व उद्देश विधियुक्त हवेत. कल्पना दोन असल्यामुळे शब्दही दोन लागतात, आणि बाजाराच्या मराठीत दुसरा शब्द नाही. तेव्हा संविदा ही अनुवादकांची हौस नसून गरज आहे. चूक असलीच तर ती पहिल्या शब्दात आहे. अरबीतून आलेल्या 'करार' या शब्दाला मराठीत स्थैर्याची, लेखी कागदाची, मुद्रांकाची छटा आहे. 'करारी माणूस' या प्रयोगात ती स्वभावापर्यंत पोचलेली आहे. याच्या उलट 'सौदा' आणि 'बोली' हे तोंडी व्यवहाराचे शब्द. विधीने या दोहोंतील बळकट शब्द उचलला आणि तो दुर्बल कल्पनेला चिकटविला. परिणाम असा होतो की करार शून्य असू शकतो हे वाक्य व्यापाऱ्याला वदतोव्याघात वाटते. मुद्रांकावर सही झाली ना, मग शून्य कसा? आणि तोंडी सौदा बंधनकारक असू शकतो हे त्याच्या कल्पनेतही येत नाही. वास्तविक १८७२ चा अधिनियम सामान्यतः लेखाची अपेक्षा करीत नाही. धानाचा तोंडी सौदा ही पूर्ण संविदा होऊ शकते, आणि दुकानदाराने नोकराकडून मुद्रांकावर लिहून घेतलेला, नोकरी सोडल्यावर असा धंदा कधीच न करण्याचा करार कलम २७ खाली त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. 'ठराव' हा शब्द येथे बरा झाला असता. परंतु ग्रामसभा व कंपन्या यांच्या कामकाजाने तो आधीच व्यापला आहे. तेव्हा करार या शब्दावाचून गत्यंतर नाही, पण पाठ्यपुस्तकाने त्याची लोकरूढ छटा प्रथम काढून टाकली पाहिजे. एकाही पुस्तकात मला हे केलेले आढळले नाही.

'प्रतिफल' हा शब्द मला उत्तम वाटतो. त्याऐवजी 'मोबदला' वापरावा असे सुचविणारे हे विसरतात की मोबदला हा आज भूसंपादनाचा शब्द झाला आहे, आणि तो बहुधा पैशात व मागाहून मिळतो. कलम २ मधील प्रतिफल एखादी गोष्ट न करण्याचेही असू शकते. एकदा मोबदल्याच्या साहाय्याने अर्थ सांगून नंतर प्रतिफल हाच शब्द चालू ठेवावा. 'शून्य' आणि 'शून्यकरणीय' या जोडीविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. पहिला करार जन्मतःच मृत. दुसरा जिवंत, पण ज्याची संमती धाकाने वा फसवणुकीने मिळविली त्याने म्हटले तर मोडता येण्याजोगा. यातील सर्व भार 'ज्याने म्हटले तर' या भागावर आहे, आणि शून्यकरणीय या समासात कर्ता कोठेच नाही. मराठीला '-ण्याजोगा' हा जिवंत प्रत्ययसमूह उपलब्ध असता, आणि तो विधिपाठात अन्यत्र वापरलाही जात असता, येथेच संस्कृत कृत्य प्रत्ययाकडे का वळावे, हे कळत नाही.

हमी या शब्दाची कथा अधिक गंभीर आहे. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १२ मध्ये शर्त आणि हमी असा भेद आहे. शर्त मोडली तर खरेदीदाराला माल नाकारून संविदाच संपविता येते. हमी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. म्हणजे विधीच्या दृष्टीने शर्त मुख्य, हमी गौण. मराठी माणसाच्या मनात हा क्रम नेमका उलटा आहे. हमी भाव, रोजगार हमी या प्रयोगांनी हमी म्हणजे शासनाने दिलेले अढळ वचन असा अर्थ रूढ केला आहे. उलट अट किंवा शर्त म्हणजे छापील कागदावरची बारीक अक्षरे. कामठ्याच्या बाजारात तांदळाचा सौदा वानगीवर होतो. येथील लोक तिला हिंदीप्रमाणे बानगी म्हणतात. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन, फुंकून, दातांखाली एक दाणा फोडून भाव ठरतो. कलम १७ अन्वये वानगीप्रमाणे माल असणे ही गर्भित शर्त होय, आणि माल वानगीशी ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळणे हीही शर्तच. गर्भित शर्त हे शब्द त्या दोघा भावांना वाचता आले, पण त्यांतून आपला हक्क वा आपले दायित्व त्यांना दिसले नाही. "बानगीसारखा माल द्यायची हमी असते," असे ते म्हणत होते. म्हणजे विधीने दिलेला बळकट हक्क ते स्वतःच्या शब्दाने एक पायरी खाली उतरवीत होते. त्यांत भर म्हणून, दुसऱ्याच्या कर्जाबद्दल बँकेला दिलेल्या गॅरंटीलाही मराठीत हमीच म्हणतात, आणि ती तर वेगळ्याच अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये आहे.

येथे देशी शब्दांच्या कैवाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जामीन हा शब्द पूर्णपणे जिवंत आहे. खेड्यातील निरक्षर माणसालाही तो ठाऊक आहे. तरीही कलम १२८ समजण्यास तो अडथळाच करतो. लोकभाषेत जामीनदार हा दुसऱ्या फळीतला माणूस. ऋणकोने दिले नाही, त्याची मालमत्ता पुरली नाही, की मग त्याची पाळी. विधी म्हणतो की अन्यथा ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच विस्तृत आहे, आणि बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की धनकोने आधी ऋणकोचा पिच्छा पुरवावा अशी मागणी जामीनदाराला करता येत नाही. शब्द सोपा असला म्हणजे कल्पना सोपी होते, हा समज या एका उदाहरणाने ढासळावा.

आता ज्या ठिकाणी विधिभाषेचा अपराध निर्विवाद आहे तेथे येऊ. १८८१ च्या अधिनियमाला मराठीत 'परक्राम्य संलेख अधिनियम' असे नाव आहे. एम.ए.च्या वर्गात मी हे नाव फळ्यावर लिहून अर्थ विचारला असता, कसल्या तरी पराक्रमाशी त्याचा संबंध असावा असे उत्तर आले. ते चुकीचे होते, पण नावाने दुसरा कोणता मार्ग दाखविला होता? खेदाची बाब ही की, याच क्षेत्रात भारतीय व्यापाराजवळ शतकांची घडलेली परिभाषा होती. हुंडी दर्शनी असे किंवा मुदती असे. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला म्हणजे हक्कदाराला द्यावयाचे, नामजोग हुंडीचे नावाच्या इसमाला, आणि शाहजोग हुंडीचे बाजारात पत असलेल्या सावकाराकरवीच. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच देय होत, म्हणजे एकाच कागदात पैशाचा आदेश व विम्याची कल्पना सामावलेली असे. हुंडी गहाळ झाली तर पेठ, पेठही गहाळ झाली तर परपेठ. स्वीकारणे म्हणजे सकारणे, न स्वीकारणे म्हणजे नाकारणे, पैसे होणे म्हणजे वटणे, आणि मुदतीपूर्वी पैसे घेताना जी कपात सोसावी लागे ती वटाव.

या परिभाषेचे सामर्थ्य इंग्रज विधिकारांनाही मान्य होते. १८८१ च्या अधिनियमाचे पहिलेच कलम सांगते की, पौर्वात्य भाषेतील संलेखांविषयीच्या स्थानिक रूढीला या अधिनियमाने बाध येणार नाही, मात्र त्या लेखातच तसा उल्लेख असेल तर गोष्ट वेगळी. विधीने कागदाच्या भाषेवरून त्याला लागू होणारे नियम ठरवावेत, हे भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून पाहण्याजोगे कलम आहे. परकीय विधिकाराने जी भाषा राखली ती स्वकीय अनुवादकाने सोडून दिली.

त्याचे फळ धनादेशाच्या बाबतीत दिसते. धनादेश न वटणे याला विधिभाषेत 'अनादर' म्हणतात. इंग्रजीत हुंडीचा मान राखणे हे रूपक जुने होऊन मृत झाले आहे. मराठीत आदर-अनादर हे शब्द अजून पूर्ण जिवंत असल्यामुळे ते रूपक पुन्हा जागे होते, आणि धनादेशाचा अनादर म्हणजे कोणीतरी त्याचा अपमान केला असे वाटू लागते. वर्तमानपत्रे बिचारी 'न वटलेला धनादेश' असे लिहितात, आणि तेच योग्य मराठी आहे. या शब्दाच्या पलीकडे मोठी गोष्ट अडली आहे. १९८८ च्या दुरुस्तीने आलेले व १ एप्रिल १९८९ पासून अमलात असलेले कलम १३८ हे लहान व्यापाऱ्याचे एक प्रमुख शस्त्र आहे, आणि तितकाच मोठा धोकाही. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि ती मुदत उलटल्यापासून एका महिन्यात न्यायालयात तक्रार, असा हा क्रम आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोंदियाच्या बाजारात तारणाचा चेक देण्याची पद्धत आहे. कोरा चेक सही करून सावकाराजवळ ठेवतात आणि तारण या शब्दामुळे तो दागिन्यासारखा निपचित पडून राहील असे समजतात. २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्वेच्छेने दिलेला सहीचा कोरा धनादेश दुसऱ्याने भरला तरी कलम १३९ चे गृहीतक लागू होते व ते खोडण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. वरील मराठी पुस्तकात कलम १३९ चा अनुवाद आहे. तारणाचा चेक हे शब्द मात्र त्यात कोठेही नाहीत. वाचकाने आपला व्यवहार त्या कलमात ओळखावा तरी कसा?

शब्द हरवल्याने किती गोष्टी हरवतात याचे आणखी एक उदाहरण या भागातील बिडीच्या धंद्यात मिळते. कारखानदार व बिड्या वळणारे यांच्यामधील मध्यस्थाला 'सट्टेदार' म्हणत. आज सट्टा म्हटला की जुगार आठवतो. परंतु मध्य भारतातील जुन्या व्यवहारात सट्टा म्हणजे करारपत्र, आणि सट्टेदार म्हणजे करारपत्रावर माल पुरविणारा. चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १९५८ साली निवाडा-ग्रंथांत आलेला खटला याच शब्दाभोवती फिरतो. कारखान्यात आढळलेले सट्टेदार हे कारखाने अधिनियमाच्या अर्थाने कामगार आहेत काय, असा प्रश्न होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते स्वतंत्र कंत्राटदार असल्याचे ठरविले. पुढे १९६१ मध्ये बिरदीचंद शर्मा यांच्या खटल्यात नागपूरच्या बिडी कारखान्यात येऊन वळणाऱ्यांना मात्र कामगार मानण्यात आले व त्यामुळे रजेच्या वेतनाचा त्यांचा हक्क टिकला. आणि त्याच सुमारास महाराष्ट्रातीलच शंकर बालाजी वाजे यांच्या खटल्यात निर्णय पुन्हा उलटा लागला. कामावर देखरेख कोणाची व किती, या एका प्रश्नावर या तिन्ही निवाड्यांचा तोल आहे. १९६६ च्या बिडी व सिगार कामगारविषयक अधिनियमाने हा घोळ मिटविण्यासाठी एक चांगली गोष्ट केली. कंत्राटदाराच्या व्याख्येत मुनशी, ठेकेदार आणि सट्टेदार हे बाजारचे शब्द त्याने जसेच्या तसे इंग्रजी पाठात घेतले. त्यामुळे मधल्या माणसाचे नाव कोणते, या आडोशाने मुख्य मालकाला दायित्व टाळण्यास जागा उरली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात श्रमसंहिता अमलात येऊन तो अधिनियम मागे पडला. नव्या संहितेतील कंत्राटदाराच्या व्याख्येत उपकंत्राटदार राहिला आहे. सट्टेदार तेथे नाही. विधिदृष्ट्या काही बिघडले नसेलही. परंतु ज्या अधिनियमात कामठ्याच्या माणसाला आपला शेजारी त्याच्या नावाने भेटत होता, तो आता गेला.

'नोंदणी' या शब्दाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्या दोघा भावांचे नुकसान त्या शब्दाने केले. दस्ताची नोंदणी १९०८ च्या अधिनियमाखाली, संस्थेची १९३२ च्या, दुकानाची २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली, कराची २०१७ च्या केंद्रीय व राज्य अधिनियमांखाली, आणि उद्यमाची केंद्र शासनाच्या २०२० च्या अधिसूचनेखाली. पाच वेगळ्या वह्या, पाच वेगळी फळे, शब्द एक. उद्यम नोंदणीमुळे थकलेली रक्कम चक्रवाढ व्याजासह मागता येते असे त्यांना कोणी सांगितले होते. २००६ च्या अधिनियमात तशी तरतूद आहे. परंतु व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणीची जी मुभा मिळाली ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतीच, म्हणून तोही मार्ग नव्हता. इंग्रजीतही येथे शब्द एकच आहे असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. पण मराठीच्या बाजारात भेद करण्याची सोय आधीपासून होती. दुकानाच्या कागदाला लोक 'गुमास्ता' म्हणतात. दस्त 'रजिस्टर' करतात. आणि संस्थेला अजूनही 'पेढी' म्हणतात. विधिभाषेने हे तिन्ही शब्द अशिष्ट ठरवून एका शिष्ट शब्दाखाली गोळा केले. २०२२ च्या दुरुस्तीने प्रत्येक लहान दुकानाचा फलक ठळक मराठीत असावा असे बंधन आले आहे, व ते योग्यच आहे. फलकाच्या आत टांगलेल्या प्रमाणपत्राची मराठी कशी असावी याविषयी मात्र कोणी आग्रह धरलेला दिसत नाही.

राहता राहिले वाक्य. कलम ६९ चा इंग्रजी पाठ नकाराने सुरू होतो, अपवाद नंतर येतो. मराठी क्रियापदान्त भाषा असल्याने अनुवादात संस्था नोंदलेली असल्याखेरीज, दावा करणारे वहीत भागीदार म्हणून दाखविलेले असल्याखेरीज, संविदेतून उद्भवणारा हक्क, संस्थेकडून वा तिच्या वतीने, त्रयस्थ पक्षाविरुद्ध, कोणत्याही न्यायालयात, असे सर्व अडथळे ओलांडल्यावर अगदी शेवटी 'येणार नाही' हे शब्द येतात. धाकट्या भावाने हे वाक्य मला मोठ्याने वाचून दाखविले. 'त्रयस्थ पक्षाविरुद्ध'पाशी तो थांबला, व आपल्याला त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येतो असा अर्थ त्याने घेतला. हा वाचकाचा आळस म्हणता येणार नाही. नकार येईपर्यंत वाक्य होकाराच्या दिशेनेच चालले होते. मराठीत नकार पुढे आणण्याची सोय नाही असे मात्र नाही. नकारार्थी कृदन्त नामाच्या आधी ठेवता येते : नोंद नसलेल्या पेढीला परक्यावर दावा लावता येत नाही. आठ शब्दांत मुख्य नियम होतो. भागीदारांची नावे वहीत असण्याची अट दुसऱ्या वाक्यात यावी. विधीच्या पाठाला एका कलमात एकच वाक्य हवे असा आग्रह असेल तर तो प्राधिकृत अनुवादापुरता राहू द्यावा. व्यावसायिकांसाठी लिहिणाऱ्या ग्रंथकाराला तो कोणी घातलेला नाही.

चांगल्या विधिमराठीचा नमुना शोधावयास दूर जावे लागत नाही. दस्तलेखक आजही पक्षांना 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे म्हणतात. 'देणे' व 'घेणे' ही सहायक क्रियापदे मराठीत क्रियेचा ओघ कोणाकडून कोणाकडे आहे ते दाखवितात. म्हणून बांधला गेला कोण आणि लाभ कोणाचा, हे या दोन पदांतच उलगडते. निष्पादक, प्रथम पक्ष, द्वितीय पक्ष या शब्दांना हे साधत नाही. मोडी कागदांपासून चालत आलेली ही जोडी कोणत्याही कोशाने घडविली नाही आणि सुदैवाने अद्याप कोणी दुरुस्तही केली नाही.

कामठ्याच्या भावांचा माल जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. मालाच्या किमतीच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, आणि पेढी नोंदवून त्यानंतर, मुदतीच्या आत, नव्याने दावा लावता येतो. एवढे गोंदियाच्या एका वकिलांनी त्यांना सांगितले. नोंदणीच्या अर्जात कलम ५८ प्रमाणे प्रत्येक भागीदार केव्हा सामील झाला तो दिनांक द्यावा लागतो. त्यावर दोघांत वाद झाला. धाकट्याचे म्हणणे, मुद्रांकावर जी तारीख आहे तीच लिहावी, कारण करार त्या दिवशी झाला. थोरल्याचे म्हणणे, अक्षय्यतृतीयेला दोघांनी मिळून पहिले पोते तोलले, तेव्हाच बोली झाली होती. कागद तर चार महिन्यांनी केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. भागीदारी तोंडी बोलीनेही होते, हे मला एव्हाना ठाऊक झाले होते, पण मी वकिलांकडे बोट दाखविले. त्यांनी भागीदारीपत्र मागवून घेतले. त्याच्या तिसऱ्या कलमात, धंदा आधीपासून तोंडी बोलीने चालू असून आता ती बोली लेखी करीत आहोत, असे दस्तलेखकाने साध्या मराठीत लिहून ठेवले होते. अर्जात अक्षय्यतृतीयेची तारीख गेली.